वडिलांच्या नावाचा रकाना

रत्नागिरीच्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, एक लाकडी बाकडं आहे. त्याच्यावर गेली बेचाळीस वर्षं शेवंतीबाई शिवलकर अर्ज लिहीत बसतात. वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डावरून लेकीचं नाव कमी करणं आणि सुनेचं चढवणं, जे म्हणाल ते. आता सगळं संगणकावर गेलं म्हणतात. पण संगणकात काय भरायचं ते माणसांना कुठे ठाऊक असतं? म्हणून बाकडं अजून चालू आहे. शेवंतीबाईंचं अक्षर असं, की साहेब लोक चष्मा न लावता वाचतात. जिभेला मात्र धार आहे. "पुरावा न्हाय हो बाय, तसंच लिवा कायतरी," असं कोणी म्हणालं की त्या पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "सरकार म्हणतं, बाप दाखव न्हायतर श्राद्ध कर. पुरावा घेऊन ये, मग लिहिते."

त्यांचा एक नियम अख्ख्या कचेरीला माहीत आहे. अर्जात त्या थोडं रडगाणं घालतील, साहेबाला दोनदा मेहेरबान म्हणतील, पण प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणार नाहीत. एकदा एका बागायतदारानं सख्ख्या बहिणीला वगळून 'मी एकटाच वारस' असं लिहून मागितलं. शेवंतीबाईंनी त्याला भर रस्त्यात असा काही सोलला, की तो गृहस्थ अजून त्या रस्त्यानं जाताना तोंडापुढे छत्री धरतो, पाऊस असो वा नसो.

अशा बाईच्या स्वतःच्याच शाळेच्या दाखल्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. जन्मतारीख एक जून, ही त्यातली बिनविषारी. त्यांच्या पिढीतली निम्मी पोरं एक जूनचीच. आईबापांना तारीख सांगता येत नसे, मग मास्तर आपली सोय बघून तीच घालून टाकत. दुसरी गोष्ट जन्मस्थळाची होती. तिथे 'मालगुंड' लिहिलेलं होतं, आणि शेवंतीबाई जन्मल्या होत्या तेरेखोलच्या खाडीपलीकडे, मांद्र्याला, जेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं.

हे खोटं उकरून काढलं त्यांच्या नातीनं. दिशा ही त्यांच्या मुलाची, सुजयची, लेक. चोवीस वर्षांची, नर्सिंगचं शिक्षण पुरं करून शहरातल्या एका दवाखान्यात लागलेली. एका रविवारी सकाळी शेवंतीबाई सुपात कुळीथ निवडत बसल्या होत्या. दिशा समोर येऊन मांडी घालून बसली.

"आजी, तू गोव्यात जन्मलीस ना?"

"कोण म्हणतो?"

"तूच सांगायचीस. तुला सहा वर्षं बापसानं बघितलंच नव्हतं, असं."

"मग? आता काय बारसं घालतेस माझं?"

दिशा हसली, पण तिथून हलली नाही. तिच्याबरोबर शिकलेली मनस्विनी नावाची एक मुलगी गोव्याची होती. ती आता लिस्बनच्या एका इस्पितळात नोकरीला होती. तिच्या आजोबांचा जन्म गोव्यात, पोर्तुगीजांच्या वहीत नोंदलेला. एकसष्ट सालच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे जन्मलेल्या माणसाचा नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालनं अजून ठेवलेला आहे. आधी त्या माणसाची नोंद तिकडे करायची, मग त्याच्या मुलांची, मग नातवंडांची.

"तुझ्यानंतर बाबा आणि बाबांनंतर मी," दिशा म्हणाली. "माझ्यावर गाडी संपते. तुझी नोंद झाली नाही तर माझं काहीच होत नाही."

"म्हणजे मी परदेशी होऊ? सत्तरीला टेकल्यावर? अगो, मेल्यावर कावळासुद्धा शिवायचा न्हाय पिंडाला. आधी पासपोर्ट दाखव म्हणेल."

"आजी, थट्टा नको गो," दिशा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "मला जायचंय. तिथलं काम शिकायचंय. आपल्या घरातलं कोणीच कधी कुठे गेलं नाही."

शेवंतीबाईंना वाईट वाटलं. कारण त्यांच्या घरातला एक माणूस खूप फिरला होता, आणि त्याला जिथे जायचं होतं तिथेच तेवढं जाता आलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे त्यांचे वडील, भिकाजी मयेकर. मालगुंडचे, शिडाच्या जहाजावर खलाशी. मंगळुराची कौलं वर आणायची, इकडचा माल खाली न्यायचा, असा धंदा. चोपन्न साली त्यांचं लग्न झालं ते मांद्र्याच्या गोदाशी. हद्दीवर तेव्हाच कुरबुरी सुरू झाल्या होत्या, म्हणून वऱ्हाड तिकडे न नेता मुलीकडचे पाच-सात जणच मालगुंडाला आले आणि मुलाच्या दारात लग्न लागलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवीन नाव लिहिलं गेलं. मांद्र्याची गोदा मालगुंडात येसूबाई झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीतच. पंचावन्न सालच्या श्रावणाआधी भिकाजीनं बायकोची ओटी भरून घेतली, तिला खाडीवर किरणपाण्याच्या तरीपर्यंत, होड्या सुटतात तिथवर, पोचवलं आणि तिच्या भावाच्या हवाली केलं. "थंडीत येतो न्यायला," असं सांगून तो परत फिरला. मग ऑगस्टच्या मध्याला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि भारत सरकारनं हद्द बंद केली. बरोबर केलं, असं सगळे म्हणाले. भिकाजीही म्हणाला. फक्त त्याची बायको पलीकडे राहिली होती.

ऑक्टोबरात मुलगी झाल्याचा निरोप एका मासळीच्या होडीतून आला. नाव शेवंती ठेवलंय, हेही त्यातच कळलं. भिकाजीनं परवान्यासाठी अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं, पत्नी इकडची नागरिक असल्याचा पुरावा जोडा. ती बिचारी जन्मली पलीकडे, पुरावा आणायचा कुठून? तिकडे येसूबाई निघायचा परवाना मागायला गेली तर तिकडचे म्हणाले, नवरा आहे म्हणतेस, कागद कुठाय? दोन सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, पण या बाबतीत त्यांचं अगदी एकमत होतं. भिकाजी दर पावसाळ्यात, जहाज किनाऱ्याला ओढलं की, रत्नागिरीला यायचा, कचेरीबाहेरच्या एका म्हाताऱ्या अर्जलेखकाकडून अर्ज लिहून घ्यायचा आणि खाली अंगठा उठवायचा. असे सहा अर्ज झाले.

आणि वर्षातून दहा-बारा वेळा त्याचं जहाज मांद्र्यासमोरून जायचं. लांबून, कारण जवळ जायला बंदी. जहाज हाकणारा तांडेल हाक मारून सांगायचा, "बघ रे भिक्या, तुझी सासुरवाड." भिकाजी बघायचा. मागून त्यानं लेकीला सांगितलं होतं, "तुझे माड मी मोजून ठेवले होते गो बाय. तू तेवढी दिसली न्हायस."

बासष्टच्या जानेवारीत तो एकदाचा मांद्र्याच्या अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा सहा वर्षांची शेवंती आईच्या लुगड्यामागे दडली आणि तिकडच्या बोलीत तिनं विचारलं, "हो कोण गे, आये?" येसूबाई रडतच होती. भिकाजीनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं ते खाडी ओलांडून अलीकडे येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

त्याच जूनमध्ये शाळेत नाव घातलं. मास्तरांनी विचारलं, जन्मस्थळ? येसूबाईनं तोंड उघडलं होतं. पण भिकाजी आधी बोलला. "मालगुंड. लिवा, मास्तर." एरवी हा माणूस इतका मऊ, की मांजर आडवं आलं तरी त्याची माफी मागेल. त्या दिवशी त्याचा आवाज ऐकून मास्तरांनी मुकाट्यानं लिहिलं. लहान शेवंतीला वाटलं, आबा चुकले. घरी येताना तिनं तसं म्हटलंही. आबा म्हणाले, "चुकलो न्हाय," आणि तिला गुळाची ढेप दाखवायला दुकानात घेऊन गेले.

मोठेपणी शेवंती त्याच कचेरीबाहेरच्या म्हाताऱ्या अर्जलेखकाच्या हाताखाली अक्षर गिरवायला लागली. म्हातारे म्हणायचे, "तुझ्या बापासाठी सहा अर्ज लिहिले. एक लागू पडला नाही. तू तरी लागू पडणारे लिही." पुढे त्यांचं बाकडं तिच्याकडे आलं. हे सगळं दिशाला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं. त्या रविवारी कुळीथ निवडून होईपर्यंत तिनं ते परत एकदा सगळं ऐकलं, आणि शेवटी म्हणाली, "मग मांद्र्याला जाऊन बघूया तरी."

गणपती विसर्जन झाल्यावर दोघी कोकण रेल्वेनं पेडण्याला उतरल्या. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं जाडजूड वही काढली. तपकिरी शाई, वाकडी वळणदार अक्षरं, एकही शब्द कळेना. तो चांगला माणूस होता, बोट ठेवून वाचत गेला. "शेवंती. जन्म सोळा ऑक्टोबर पंचावन्न." आपल्या जन्माची खरी तारीख शेवंतीबाई प्रथमच कोणा सरकारी माणसाच्या तोंडून ऐकत होत्या. त्यांना उगाच हसू आलं. "आई, गोदा. वडील..." इथे बोट थांबलं. कारकून वर बघून हळूच म्हणाला, "इथे अज्ञात असं लिहिलंय, बाई."

"परत वाचा."

त्यानं परत वाचलं. तेच होतं.

बाहेर ओळखीनं मिळालेल्या वकीलबाई होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. पोर्तुगीज कायद्यात लग्न त्यांच्या वहीत नोंदवलं तरच ते लग्न. मालगुंडात अंतरपाट दूर झाला, गावजेवण उठलं, पण इथल्या वहीत काहीच झालं नव्हतं. अशा मुलाला वडिलांचं नाव लागायचं तर वडिलांनी स्वतः येऊन सांगावं लागे, की हे माझं. आणि वडील तर बंद हद्दीच्या पलीकडे होते.

शेवंतीबाई तिथल्या पायरीवर बसल्या. साठ वर्षांनी त्यांना शाळेतली ती सकाळ कळली. आयेनं या नोंदीची नक्कल बरोबर आणली असणार, आणि आबांनी ती कोणाकडून तरी वाचून घेतली असणार. मांद्रे लिहिलं असतं तर कधी ना कधी कोणी ही वही उघडली असती आणि तो 'अज्ञात'चा रकाना पोरीच्या तोंडावर फेकला असता. म्हणून त्या मऊ माणसानं आवाज चढवून मालगुंड लिहायला लावलं होतं. त्यांना आबांची इतकी आठवण आली की पदर तोंडाला लावूनच त्या बसून राहिल्या.

वकीलबाई शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "एक सांगू का? तुमच्या नातीसाठी हे उलट सोपं आहे. वहीत वडील अज्ञात आहेत. तुमच्या बाकी कागदांवर भिकाजींचं नाव आहे. दोन्ही जुळायला हवं. तुम्ही एक प्रतिज्ञापत्र करून द्या, की जन्मदाते वडील ठाऊक नाहीत, आईनं नंतर ज्यांच्याशी संसार केला त्यांचं नाव लावलं. तीन-चार महिन्यांत काम पुढे सरकेल."

"आणि दुसरा रस्ता?"

"कोर्टात जाऊन तो रकाना भरून घ्यायचा. त्याला त्या काळातला सरकारी पुरावा हवा. दीड-दोन वर्षं सहज जातील. पुरावा आहे?"

नव्हता. शेवंतीबाईंनी आणखी एक गोष्ट विचारून घेतली, तिकडे नोंद झाली तर इथला मताचा हक्क जाईल का? वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या नोंदीवर वकिलांतही दुमत आहे, पण तिकडचा पासपोर्ट घेतलात तर इथलं नागरिकत्व गेलंच समजा. "मला कुठे जायचंय पासपोर्ट घेऊन," शेवंतीबाई म्हणाल्या. "मला फक्त हिला जाऊ द्यायचंय."

परतीच्या गाडीत दिशा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. राजापूर गेल्यावर म्हणाली, "आजी, नुसता कागद आहे गो. पणजोबा आपले कोण, ते आपल्याला ठाऊक आहे ना?"

"आहे," शेवंतीबाई म्हणाल्या.

कागदाला नुसता कागद म्हणणारी माणसं त्यांनी बेचाळीस वर्षं बघितली होती. त्यातली अर्धी मागून रडत आलेली होती. पण दिशाला हे बोलणं त्यांच्या जिवावर आलं. पोरीचा चेहरा उतरला होता, आणि त्या चेहऱ्यापुढे त्यांचा नियम आणि त्यांची धार दोन्ही बोथट व्हायची. आबा तर गेले, सुखानं गेले. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? असं चार दिवस त्यांनी स्वतःला बजावलं. पाचव्या दिवशी सकाळी मुद्रांक घेतला आणि बाकड्यावर बसून लिहायला सुरुवात केली.

'मी, शेवंती, वय वर्षे अडुसष्ट, धंदा अर्जलेखन, राहणार रत्नागिरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझे वडील'

इथे पेन थांबलं. शेवंतीबाईंनी ते झटकलं, कागदाच्या कोपऱ्यात रेघ ओढून बघितली. शाई होती. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी उद्या यायला सांगितलं. झेरॉक्सवाल्यानं चहा पाठवला तो निवून गेला. दुपार झाली. दिशा सकाळची पाळी संपवून त्यांचा डबा घेऊन आली, तर आजी तशीच बसलेली. दिशानं डबा ठेवला, बाजूला बसली आणि कागद वाचला.

"आजी, हे नको."

"का गो? तुलाच हवंय ना?"

"मला जायचंय. पण हे नको." दिशाचे डोळे भरले होते. "उद्या माझ्या तिकडच्या फाइलमध्ये हा कागद पहिला लागेल. पणजोबा अज्ञात. ज्यानं सहा वर्षं इथे येऊन अंगठे उठवले तो अज्ञात? आणि हे तू लिहायचंस?"

शेवंतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग तुझं राहिलं तर? मी आज आहे, उद्या नाही."

"राहू दे. दोन वर्षं मी थांबीन." दिशानं मुद्रांक उलटा केला आणि विचारलं, "आजी, पणजोबांचे ते सहा अर्ज कुठे असतील गो?"

शेवंतीबाई नातीकडे बघतच राहिल्या. सबंध तालुक्याच्या जुन्या कागदांच्या नकला काढून देणारी बाई आपण, आणि पाठीमागच्या इमारतीत आपल्याच बापाचे कागद असतील हे डोक्यात येऊ नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांनी डबा तसाच ठेवला, कोरा कागद घेतला आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावानं अर्ज लिहिला. विषय, नक्कल मिळणेबाबत.

अभिलेख कक्षात दर्शन नावाचा एक कारकून होता. त्याच्या लग्नाच्या वेळी त्याचा हरवलेला दाखला शेवंतीबाईंनीच मिळवून दिला होता, त्यामुळे तो मनापासून कामाला लागला. महिनाभरानं तोंड पाडून बाकड्याशी आला.

"मावशी, असले परवान्याचे अर्ज 'ड' वर्गातले. दहा-पंधरा वर्षं ठेवायचे आणि जाळायचे. जाळल्याची यादी आहे. त्यात भिकाजी मयेकर पाच वेळा आहे."

"पाच? मग सहावा?"

"तोच तर मिळत नाही."

"मग नीट शोध. जळालेलं यादीत आहे, तर न जळालेलं कपाटात असणारच."

आणखी सहा आठवडे गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे शेवंतीबाई दुसऱ्यांना हसत सांगायच्या. आता स्वतःवर आलं तर रोज दुपारी त्या दर्शनच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. शेवटी एका शुक्रवारी तो स्वतःच धावत बाहेर आला. केसांत धूळ, हातात तांबड्या कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. कोणे एके काळी कोणा आळशी कारकुनानं अर्जात 'खलाशी' आणि 'परवाना' एवढे दोनच शब्द वाचले, आणि तो सरळ बंदराच्या परवान्यांत बांधून टाकला. बंदराचे कागद कायमचे ठेवायचे असतात. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं असतं, तर भिकाजीचा हा उरलेला अर्जही राखच झाला असता.

कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होतं. म्हाताऱ्या गुरूचं अक्षर शेवंतीबाईंनी लांबूनच ओळखलं. त्यांनी दिशाला बोलावून घेतलं आणि ती आल्यावरच वाचायला घेतला.

'मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार भिकाजी विठू मयेकर, राहणार मालगुंड, धंदा खलाशी. विनंती अर्ज करतो ऐसाजे, अर्जदाराची लग्नाची पत्नी येसूबाई, माहेरचे नाव गोदा, ही सन १९५५ साली पहिल्या बाळंतपणाकरिता मौजे मांद्रे, महाल पेडणे, पोर्तुगीज हद्द येथे गेली असता मध्यंतरी हद्द बंद झाल्याने तेथेच अडकून पडली आहे. तेथे तिजला अर्जदारापासून मुलगी झाली असून तिचे नाव शेवंती आहे. मुलीस तीन वर्षे होत आली. अर्जदाराने अद्याप मुलीचे तोंड पाहिलेले नाही. सदर मुलगी अर्जदाराची आहे व अर्जदार तिचा बाप आहे, हे अर्जदार शपथेवर सांगतो. परवाना मिळेपर्यंत अर्जदार दरसाल अर्ज करीत राहील.'

खाली निळ्या शाईतला अंगठा होता, कचेरीचा गोल शिक्का होता, आणि तारीख होती, चौदा जुलै अठ्ठावन्न. कडेला तांबड्या शाईत कोणी साहेबानं 'पुराव्याअभावी अमान्य' असं लिहून खाली सही केली होती. शेवंतीबाईंनी त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं. मग दिशाकडे वळून म्हणाल्या, "बाय गो, अमान्य म्हणून सही केली त्यानं. पण सही केलीन. अर्ज आल्याचं सरकारनंच लिहून दिलंन." आणि कचेरीच्या दारातच, येणाजाणाऱ्यांच्या देखत, त्या मोकळेपणी रडल्या. त्यांना रडताना बघून छत्रीवाला बागायतदारसुद्धा छत्री बाजूला करून थांबला, असं झेरॉक्सवाला सांगतो. त्याचं किती खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढचं सगळं लांबलं, पण सरळ गेलं. वकीलबाईंनी नक्कल बघितली आणि दावा लावला. अर्जात आईची दोन्ही नावं होती, गाव होतं, मुलीचं नाव होतं आणि बापाची शपथ होती. जन्मस्थळ लिहिताना आबा खोटं बोलले, ते फक्त शाळेत. सरकारला त्यांनी आधीच खरं सांगून ठेवलं होतं. मधल्या तारखांना शेवंतीबाई डबा घेऊन पेडण्याला जात, आणि कोर्टाच्या आवारात बसल्या-बसल्या तिथल्या बायांचे अर्ज वाचून त्यातल्या चुका काढत. दिशा मोबाइलवर पोर्तुगीज शिकायला लागली. सकाळी भाकरी थापताना ती मोठ्यानं धडे म्हणे, आणि शेवंतीबाई आतून ओरडत, "माझ्या आयेला ज्यांनी अडवून ठेवलं त्यांची भाषा माझ्याच चुलीपुढे बोलतेस काय गो?" महिन्याभरात त्यांना स्वतःलाच वीसपर्यंत आकडे पाठ झाले.

निकाल लागला तो यंदाच्या मार्गशीर्षात. प्रत घेऊन दोघी परत त्या नोंदणी कार्यालयात गेल्या. कारकून तोच होता, त्यानं ओळखलं. जाडजूड वही काढली, पान उघडलं. मूळ नोंदीत काही खोडायचं नसतं, बदल शेजारच्या समासात लिहायचा असतो. त्यानं कोर्टाचा हुकूम पुढ्यात ठेवला आणि त्या तपकिरी शाईशेजारी निळ्या शाईनं सावकाश लिहायला घेतलं. दिशा आजीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात तिची स्वतःची फाइल होती. तिचं काम आता या पानाच्या नकलेपासून सुरू होणार होतं.

"वडिलांचं पूर्ण नाव?"

"भिकाजी विठू मयेकर."

"धंदा?"

"खलाशी."

"राहणार?"

शेवंतीबाईंनी खांद्यावरचा दिशाचा हात धरला. कारकून पेन धरून थांबला. मग त्या बोलल्या, आणि आवाज इतका मोठा आला की पलीकडच्या टेबलावरची माणसं मान वर करून बघायला लागली.

"मालगुंड," त्या म्हणाल्या. "लिवा."